चौदा नंबरची स्टिक

१

रविवारची प्रार्थना संपत आली होती. रेव्हरंडबाई शेवटच्या वचनावर अशा रंगल्या होत्या की त्यांचं बोलणं कधी थांबलं आणि गाणं कधी सुरू झालं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी एक ओळ सोडायची, मंडळींनी ती झेलायची आणि मी ऑर्गनवरून मागे सूर भरायचा. माणूस ज्यासाठी आठवडाभर राबतो, ते हेच सुख!

तेवढ्यात चर्चचं दार धाडकन उघडलं आणि एमिल कोमो आत शिरला. डोक्यावर टोपी तशीच, पायात रबरी बूट. एमिल आमच्या गॅनेट्स या बर्फावरच्या हॉकी संघाचं सगळं सामान सांभाळतो; सामन्यांना रिंकवरचा ऑर्गन मी वाजवतो. माणूस पक्का कॅथलिक; या वेळी त्यानं त्याच्या चर्चमध्ये असायला हवं होतं. तो सरळ माझ्यापाशी आला आणि कानात कुजबुजला.

"वेंडेल, चोरी झाली. चौदा नंबरची स्टिक गेली."

माझं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. रेव्हरंडबाईंनी तोच चुकीचा सूर उचलला, त्याच्यातूनच नवी ओळ काढली आणि गाता गाता माझ्याकडे असं बघितलं की मी समजलो. आमेन झाल्याबरोबर बाई खाली उतरणार.

चौदा नंबर म्हणजे टोबायस कार्व्हरी, आमच्याच चर्चमधला, आमच्याच कॉयरमध्ये खालचा सूर लावणारा पोरगा. मॅकनेअर कोव्हच्या या पगारी संघात आम्हा काळ्या लोकांच्या टेकडीवरच्या वस्तीतलं कुणी आजवर खेळलं नव्हतं. त्याचे आजोबा, डीकन ह्युबर्ट, तरुणपणी तळ्यावर खेळायचे. गावच्या रिंकमध्ये त्यांना बर्फावर उतरायची बंदी होती. बाहेर उभं राहून आतला गलका ऐकायची मात्र नव्हती. हंगामभर म्हातारा प्रत्येक सामन्याला येऊन बसला. नातवाच्या नावावर एक गोल लागावा, त्या रिंकमध्ये कार्व्हरी हे नाव एकदा मोठ्यानं पुकारलं जावं, एवढीच त्याची आस. हंगाम संपला आणि टोबीच्या नावासमोर शून्य.

की शून्य नव्हतं? सगळा घोळ तिथंच होता.

शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलो तर बाद फेरीत, नाहीतर घरी. बरोबरी चालली होती आणि शेवटचं मिनिट. आमचा कॅप्टन लॉक्लन मॅकॅस्किल यानं लांबून फटका हाणला, गोलकीपरसमोरच्या गर्दीतून ती रबरी चकती जाळ्यात गेली आणि गाव वेडं झालं. निवेदकानं कॅप्टनचं नाव पुकारलं. त्याचा दोनशेवा गोल! दिवंगत हॅरिस झ्विकरचा एकशे नव्याण्णवचा विक्रम मोडला. लोक बंदरापर्यंत नाचत गेले.

पण हस्तांदोलनाच्या वेळी समोरचा गोलकीपर म्हणाला, "वाटेत वळली ती. चौदा नंबरला लागली." कॅमेरा एकच, आणि नेमका त्याच्यापुढे कुणी भक्त भलामोठा झेंडा फडकवत उभा. लीगनं सांगितलं, सोमवारी दुपारी गोल कुणाचा ते पक्कं होणार. त्यानंतर देव आला तरी बदलणार नाही. रविवारी सकाळी तिथल्या माणसानं एमिलला फोन केला, "चौदा नंबरच्या स्टिकचा फोटो पाठव." एमिल स्टिक्सच्या मांडणीकडे गेला, तर चौदाचा खण रिकामा!

२

रेव्हरंड अर्डेलिया टाइन्स संघाच्या धर्मोपदेशक. त्याआधी वीस-एक वर्षं पोलिसात, गुन्हे शोधण्याच्या खात्यात. "तेव्हा लोकांना कबूल करायला लावायचे, आताही तेच करते," असं त्या म्हणतात. "फक्त आता जेवण चांगलं मिळतं."

रिंकवर पोचलो. मांडणीसमोर उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न केला. "एमिल, काठीत एवढी काय जादू? तिच्यावरून कसं कळणार?"

"पट्टीवरून, रेव्हरंडबाई." एमिलनं दुसऱ्या कुणाची तरी स्टिक उचलून पात्यावर गुंडाळलेली पांढरी पट्टी दाखवली. तिच्यावर काळे काळे फराटे होते. "चकती काळ्या रबराची. लागली की डाग पडतोच. टोबीनं शेवटच्या मध्यंतरात माझ्यासमोर नवी कोरी पट्टी गुंडाळली. मग पोरगं सगळा वेळ बाकावर. कोचनं त्याला उतरवलं ते अगदी शेवटी. गोल झाला आणि खेळच संपला. म्हणजे पट्टीवर डाग असेल तर तो एकच, आणि त्याच गोलाचा!"

"आणि पट्टी कोरी असेल तर गोल कॅप्टनचा."

"अगदी बरोबर."

"काल रात्रीपासून बाहेर कोण कोण गेलं?"

"काल दारावर मी होतो. स्टिक घेऊन एकही माणूस बाहेर पडला नाही. आज सकाळी मीच कुलूप काढलं. फक्त कॅप्टन येऊन आपल्या स्टिक्सचा भारा घेऊन गेला. बाद फेरीच्या आधी तो घरी बसून सगळ्यांना नव्या पट्ट्या लावतो, दर वर्षीचं आहे त्याचं. बाकी झ्विकरबाई येऊन गेल्या, हात हलवत."

झ्विकरबाई म्हणजे संघाच्या मालकीण. विक्रम मोडला गेला तो त्यांच्याच नवऱ्याचा.

"अरे वा," मी म्हणालो, "मग हिलाच नको असणार तो दोनशेवा गोल!"

"ब्रदर वेंडेल," रेव्हरंडबाई हसल्या, "तुम्ही सूर छान लावता."

झ्विकरबाई वरच्या खोलीत भेटल्या. समोर ओटकेक्सची बशी, हातात चहा.

"माझ्यावर संशय? या, या, बसा. किती दिवसांनी कुणीतरी मला धोकादायक समजलं!"

"हॅरिसचा विक्रम राहावा असं वाटतं का तुम्हाला?" रेव्हरंडबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"वाटतं ना. खोटं कशाला बोलू? काल सगळे नाचत होते, मी घरी जाऊन त्याच्या फोटोशी भांडले. म्हटलं, अजून एक गोल मारून ठेवला असतास तर काय बिघडलं असतं!"

खाली येताना मी म्हणालो, "पाहिलंत? कबूल झाली!"

"कबूल झाली म्हणूनच सुटली. अहो, स्टिक सापडली आणि डाग निघाला, तर विक्रम वाचतो कुणाचा? हॅरिसचा. ती स्टिक तिनं फुलांनी सजवून लीगला पाठवली असती. नाहीशी होण्यात तिचा काय फायदा?"

"मग फायदा कुणाचा?"

रेव्हरंडबाई वळून न बघता पुढं चालू लागल्या. त्यांच्याऐवजी भिंतीवरच्या फोटोतला कॅप्टन माझ्याकडे बघून दात काढत होता.

३

खरा कॅप्टन घराच्या ओसरीत बसला होता, मांडीवर स्टिक, दातात पट्टीचं टोक. सहा फुटांच्या वर चारेक बोटं उंच, दाढी छातीपर्यंत. डाव्या भुवईच्या वर ताजं प्लास्टर.

"हे काय झालं?" रेव्हरंडबाईंनी विचारलं.

"खेळात लागलं."

"हेल्मेटच्या आतून? कमाल आहे! काल मी तुमच्याशी बोलले तेव्हा नव्हतं."

"मग जिन्यात लागलं असेल."

त्या बैठ्या घराला जिनाच नव्हता. पण बाईंनी तो विषय सोडला. "कॅप्टन, गोल तुमचा का?"

"काल पंचांना सांगितलं मी, त्या पोराला लागून गेला म्हणून. माझा फटका बाहेर चालला होता. आपल्या हातून सुटलेला फटका कुठं चाललाय ते आपल्याला कळतं. पंच काय म्हणाला ठाऊक आहे? 'मॅकॅस्किल, दर हंगामात कुठला ना कुठला कॅप्टन मला हीच थाप मारतो.'"

यात पंचाचंही चुकलं नव्हतं. हॉकीतली ही जुनी खोड आहे. नव्या पोराचा पहिला गोल व्हावा म्हणून म्हातारे खेळाडू आपले गोल त्याच्या पदरात टाकायला बघतात. म्हणून लीग असल्या बाबतीत स्वतःच्या संघातल्या माणसाचा शब्द मानत नाही. पुरावा मागते.

"तुमचा हा शेवटचा हंगाम," बाई म्हणाल्या. "दोनशे म्हणजे रिंकच्या भिंतीवर विक्रमांत सगळ्यात वर नाव. बाद फेरीतले गोल त्यात मोजत नाहीत."

"भिंत कुठं पळून चाललीय?" तो म्हणाला आणि दातानं पट्टी तोडली. बाई जरा वेळ त्या भाऱ्याकडे बघत राहिल्या, मग उठल्या.

टोबी ड्रेसिंग रूममध्ये एकटाच बूट पुसत होता.

"टोबी बाळा, तुझी स्टिक चोरीला गेली."

"हो, ऐकलं. असू दे, रेव्हरंडबाई. दुसरी घेईन."

मी चाट पडलो. या लोकांना मी ओळखतो. पट्टीचा एक वेढा जास्त झाला तर रात्रभर तळमळणारी माणसं ही! आवडती स्टिक मोडली तर सुतक पाळतात. आणि हा म्हणतो, असू दे?

रेव्हरंडबाई बाकावर त्याच्याशेजारी टेकल्या. त्यांनी हळूच एक सूर गुणगुणायला सुरुवात केली. कॉयरमध्ये त्याखालचा सूर टोबीचा असतो. पोराला राहवेना, त्यानं खालचा सूर धरला. दोन ओळी झाल्या आणि गाता गाताच बाईंनी विचारलं, "कुठं ठेवलीस रे?"

सूर तुटला.

४

"तुम्हाला... कसं कळलं?"

"पट्टी सोलायला किती वेळ लागतो?"

"एका श्वासाचं काम."

"मग पुरावा मिटवायचा असता तर चोरानं पट्टी सोलून चेंडू करून टाकली असती. एवढी लांब काठी लपवायचा खटाटोप कोण करील? ज्याला तो डाग कुणाला दाखवायचाही नाही आणि पुसवतही नाही, तोच. सगळ्या गावात असं माणूस एकच."

टोबी बूट बाजूला ठेवून रडायलाच लागला. रडता रडता हसतही होता.

"मला हाताला कळलं, रेव्हरंडबाई. हलकीच लागली, पण कोपरापर्यंत कळलं. आणि वळून बघतो तर सगळे कॅप्टनच्या अंगावर पडलेले. पहिल्या दिवशी मी इथं आलो तेव्हा माझ्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. तो आला, माझं सामान सरकवलं, म्हणाला, 'सरक लेका, इथं ऊब आहे.' त्याचा दोनशेवा मी काढून घेऊ? मी पट्टी सोलायला बसलो होतो. टोक उचललं, पण पुढं हातच चालेना."

"आणि आजोबा?"

त्यानं मान खाली घातली. "आजोबांना आता नीट दिसत नाही. ते काल म्हणाले, 'टोबी, मी दोन आवाज ऐकले. एक ठक्, मग एक टिक्.' मी म्हणालो, तुम्हाला भास झाला असेल. रेव्हरंडबाई, मी त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो."

"चल. आधी स्टिक काढू. मग काय करायचं ते तू ठरव."

स्टिक बॉयलरच्या खोलीत, पाइपांच्या मागे होती. टोबी वाकून आत गेला. बाई ठेंगण्या, त्या सरळ गेल्या. मी मागून.

टोबीनं पाइपांमागे हात घातला. मग दुसरा हात घातला. मग तो आडवाच झाला.

"नाही! इथंच ठेवली होती, देवाशपथ. इथं नाहीये!"

म्हणजे चोरावर मोर! मी घाबरून मागे वळलो आणि दाराच्या वरची लोखंडी तुळई अशी टाळक्यात बसली की डोळ्यांपुढं सगळे देवदूत एकदम गायला लागले.

"डोकं सांभाळा, असं सांगायचं राहिलं," टोबी पुटपुटला. "इथं पहिल्यांदा येणारा हमखास आपटतो."

रेव्हरंडबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. डाव्या भुवईच्या वर टेंगूळ येत होतं. त्या टाळी वाजवून इतक्या मोठ्यानं हसल्या की बॉयलरही दणाणला.

"ब्रदर वेंडेल, तुमच्या डोक्याचा आज पहिल्यांदाच उपयोग झाला! संध्याकाळी चर्चच्या जेवणाला सगळ्यांना बोलवा. कॅप्टनला म्हणावं, स्टिक्सचा भारा घेऊन ये, बाद फेरीसाठी आशीर्वाद द्यायचाय."

५

चर्चच्या तळघरात बीन्स, काळा पाव आणि माशांच्या वड्या. आमची वस्ती, सगळा संघ, झ्विकरबाई, एमिल. पुढच्या बाकावर ह्युबर्ट आजोबा, डोक्यावर संघाची टोपी. कॅप्टन भारा घेऊन आला आणि माझं टेंगूळ बघून जागच्या जागी थबकला.

रेव्हरंडबाई उभ्या राहिल्या. मी जुन्या पियानोवर बसलो.

"एक होता चोर," त्यांनी सूर धरला.

"होता, होता!" मंडळी म्हणाली.

"चोरानं पुरावा चोरला, पण मोडला नाही!"

"का नाही मोडला? बोला, बाई!"

"जीव होता त्यात त्याचा! दुसऱ्याच्या मानासाठी त्यानं स्वतःचा आनंद अंधारात ठेवला. सांगा, याला चोर म्हणू?"

"नका म्हणू!"

"मग आला दुसरा चोर!"

"अरे देवा!" ही झ्विकरबाई. त्या आमच्यात कधी आल्या नव्हत्या, पण सूर पकडायला बाईला वेळ लागला नाही.

"पहिला धुळीनं माखून बाहेर येताना दुसऱ्यानं बघितला. दुसरा सकाळी गेला त्याच खोलीत. पण देवानं पहिल्याला मान वाकवायला शिकवलं होतं, आणि दुसऱ्याला दिली होती उंची!" बाईंनी हात लांब केला. "या दोन कपाळांकडे बघा, मंडळी! एकाच तुळईची दोन लेकरं!"

सगळे आधी माझ्याकडे बघायला लागले, मग कॅप्टनकडे. कॅप्टननं प्लास्टरवर हात नेला, आणि हसू दाढीत मावेना.

"आणि काठी लपवायला सगळ्यात चांगली जागा कुठली? काठ्यांचा भारा! एमिलच्या नाकासमोरून गेली ती!"

"अरे माझ्या कर्मा," एमिल म्हणाला. "आणि मी त्याला दार धरलं होतं."

कॅप्टननं भारा सोडला. मधली एक स्टिक काढली, आडवी धरली. कोरी पांढरी पट्टी, तिचं टोक जरासं सुटलेलं, आणि पात्याच्या टोकाशी काळा अर्धचंद्र.

"उद्या सकाळी हॅलिफॅक्सला, लीगच्या कचेरीत नेणार होतो," तो म्हणाला. "तोंडी सांगून कुणी ऐकेना. आणि पोराच्या हाती पुन्हा लागली असती तर त्यानं पट्टी सोललीच असती."

"कॅप्टन, नका ना," टोबी उठला. "तुमचा शेवटचा हंगाम आहे. माझा पुढच्या वर्षीही होईल."

"होईल की. पण तो दुसरा असेल. आणि एकशे नव्याण्णववाल्याला गावात कुणी बिअर पाजत नाही असं थोडंच आहे?"

बिअर हा शब्द रेव्हरंडबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. "टोबी, गोल तुझा, पट्टी तुझी. सोलायची तर सोल. द्यायची तर दे. इथं कुणी तुला बोलणार नाही."

टोबीनं स्टिक हातात घेतली. सुटलेल्या टोकावर अंगठा ठेवला. मी पियानोवरचे हात काढून घेतले. या जागी सूर नको होता.

झ्विकरबाई खुर्चीवरून पुढं झाल्या. "पोरा, तुला माझ्या हॅरिसचा विक्रम राखायचा म्हणून सांगत नाही. पण त्या भिंतीवर इतकी वर्षं तो एकटा आहे. लॉक्लन त्याच्या शेजारी आला, वर नाही गेला, तर दोघांना गप्पा तरी मारता येतील."

टोबी आजोबांपुढं जाऊन गुडघ्यावर बसला. "आजोबा, काल मी खोटं बोललो. आवाज दोनच होते."

"ते मला ठाऊक आहे रे," ह्युबर्ट आजोबा म्हणाले. "डोळे गेलेत माझे. तळ्यावर आम्ही काळोख पडल्यावर कानांनी खेळायचो. मी वाट बघत होतो, तू कधी सांगतोस त्याची."

टोबीनं अंगठ्यानं पट्टीचं सुटलेलं टोक दाबून नीट बसवलं आणि स्टिक एमिलपुढं धरली.

"काढ फोटो."

मग जे गाणं झालं, ते मी लिहिणार नाही. छताची धूळ खाली पडली, एवढं पुरे.

६

फोटो आणि समोरच्या गोलकीपरचा शब्द, दोन्ही लीगला पटले. पंचानं कॅप्टनला फोन केला म्हणे, "मॅकॅस्किल, आजवरचा पहिला खरं बोलणारा कॅप्टन भेटला."

बाद फेरीचा पहिला सामना आमच्याच रिंकमध्ये. खेळ सुरू होण्याआधी दिवे मंद झाले आणि निवेदक म्हणाला, "मंडळी, मागच्या सामन्यात एक दुरुस्ती आहे. विजयी गोल, नंबर चौदा, टोबायस कार्व्हरी!"

आडनाव त्यानं असं लांबवलं की ते छताला लागून खाली आलं. बर्फावर सगळ्यात आधी कॅप्टननं स्टिक आपटली. मग सगळ्या संघानं. मग पलीकडच्या संघानंही. खेळाडूंची टाळी तशीच असते, लाकडाची आणि बर्फाची. टेकडीवरची आमची सगळी वस्ती उभी राहिली, मग उरलेलं गाव. रेव्हरंडबाईंनी प्रेक्षकांतूनच सूर सोडला आणि मी रिंकच्या ऑर्गनवर तो उचलला.

टोबी घसरत घसरत काचेपाशी आला. पलीकडे ह्युबर्ट आजोबा उभे होते, दोन्ही हात काचेवर टेकून, टोपी मागे सरकलेली, गालांवरून पाणी वाहतंय. पोरानं आपला हातमोजा आतून त्या हातांवर टेकवला. म्हातारा काही बोलला. गलक्यात टोबीला ऐकू येईना. त्यानं कान काचेला लावला.

"म्हटलं, एक झाला," आजोबा ओरडले. "दुसरा कधी?"